रस्ता ठरून गेल्यावर हरकती मागवायच्या का? लोकसहभागाच्या पद्धतीविषयी आपली मते हवी आहेत

पायवाट

नमस्कार मंडळी,

एका रस्त्याचे रुंदीकरण आणि त्याच रस्त्याखालची पावसाळी गटारवाहिनी असे जोडकाम स्थानिक प्रशासनाने हाती घेतले आहे. त्याबाबत लोकांचे म्हणणे कोणत्या रीतीने घ्यावे हे सुचवण्यासाठी नागरिकांचा एक छोटा गट नेमला असून त्यात माझाही समावेश आहे. रस्ता हवा की नको हे ठरवण्याचा अधिकार आमच्या गटाला नाही, आम्ही फक्त पद्धत सुचवायची आहे. पहिल्याच बैठकीत प्रसिद्धीसाठी तयार असलेल्या जाहीर सूचनेचा मसुदा आमच्यापुढे ठेवण्यात आला. त्यातले मुख्य वाक्य असे होते: “सदर रस्त्याच्या रुंदीकरणाबाबत ज्या कोणास हरकत घ्यावयाची असेल त्यांनी ही सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांचे आत आपली हरकत लेखी स्वरूपात सादर करावी, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.”

नियमाच्या दृष्टीने या वाक्यात खोट काढण्यासारखे काही नाही. तरीही ते मी तीन-चार वेळा वाचले आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडखळलो. रस्ता कोठून जाणार, किती रुंद होणार, गटार कोणत्या बाजूने जाणार हे सारे ठरले आहे असे गृहीत धरूनच ते लिहिलेले आहे. ज्याची हरकत काहीच नाही, पण पावसाचे पाणी नेमके कोठे तुंबते हे ज्याला वीस वर्षांपासून ठाऊक आहे, अशा माणसाने या सूचनेला काय उत्तर द्यायचे? त्याच्यासाठी त्यात जागाच ठेवलेली नाही. सहभाग म्हणजे हरकत, असा अर्थ एकदा पक्का झाला की येणारा प्रत्येक माणूस विरोधक ठरतो, आणि जो विरोधक नाही तो घरी बसतो.

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सर्वांत खाली लोकांना नुसते झुलवणे आणि समजूत काढणे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, सल्ला घेणे आणि तोंडदेखला मान देणे, आणि वर भागीदारी, सोपवलेले अधिकार व प्रत्यक्ष नियंत्रण, अशी तिची रचना आहे. मला ही शिडी उपयोगाची वाटते, परंतु ती अधिकाराचे प्रमाण मोजते, वेळ मोजत नाही. लोकांना भरपूर अधिकार दिले, पण ते निविदा निघाल्यानंतर दिले, तर त्या अधिकारांनी करायचे काय, याचे उत्तर शिडीत मिळत नाही. ते उत्तर मला १९९८ च्या आऱ्हुस करारात सापडले. पर्यावरणविषयक निर्णयांत माहिती, सहभाग आणि न्याय मिळण्याच्या हक्कांबद्दलचा हा युरोपातला करार आहे आणि तो २००१ पासून अमलात आहे. त्याच्या सहाव्या कलमात असे म्हटले आहे की, सगळे पर्याय खुले असतानाच आणि सहभागाचा परिणाम होऊ शकेल अशा वेळीच लोकांना सहभागी करून घ्यावे.

म्हणून माझा प्रश्न असा आहे: रस्त्याच्या कामात “सगळे पर्याय खुले असताना” ही वेळ नेमकी कोणती? आणि त्या वेळी लोकांसमोर ठेवायचे काय? प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी लिहिले तर आमच्या गटाला खरोखर मदत होईल.

जुना अभियंता

पायवाट, आपला प्रश्न रास्त आहे, परंतु टेबलाच्या पलीकडच्या बाजूने तो कसा दिसतो हेही सांगायला हवे. सार्वजनिक बांधकामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. पर्याय खुले असताना लोकांकडे गेलो की पहिला प्रश्न येतो, “नक्की काय करणार आहात ते सांगा.” अजून ठरलेले नाही असे सांगितले, तर तयारी न करता आले म्हणतात. आराखडा घेऊन गेलो, तर सगळे ठरवूनच आले म्हणतात. शिवाय संभाव्य आखणीच्या तीन रेषा नकाशावर दाखवल्या की तिन्ही रेषांवरच्या जमीनमालकांची झोप उडते. ज्या दोन रेषा पुढे रद्द होणार असतात, तिथल्या लोकांचे व्यवहारही महिनोन्‌महिने अडकून पडतात. पर्याय खुले ठेवण्याची ही किंमत कोणी हिशेबात धरत नाही.

इतके सांगून झाल्यावर माझ्याच हातून झालेली एक चूकही सांगतो, कारण ती आपल्या बाजूची आहे. एका वस्तीतल्या गटाराचा आराखडा मी केला होता. पातळ्यांचे सर्वेक्षण कोरड्या दिवसांत झाले होते, उतार बरोबर बसत होता, गणितात काही चूक नव्हती. सुनावणीच्या दिवशी एक वयस्कर बाई आल्या. भिंतीवर लावलेला नकाशा त्यांना वाचता येईना. त्यावर आपले घर शोधण्यात त्यांची दहा मिनिटे गेली, आणि शेवटी घर नाही, तर घराजवळची विहीर सापडली. मग त्या म्हणाल्या की तुमची रेघ इथून जाते आहे, पण पाणी तिकडून येते. मी नम्रपणे त्यांना समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेघा, समजावून सांगितल्या. त्यांनी तितक्याच नम्रपणे ऐकून घेतले आणि मला घरी नेऊन भिंत दाखवली. गुडघ्याच्या वर वीतभर उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ होती, आणि तिच्या खाली आणखी दोन फिकट रेघा होत्या.

कारण नंतर कळले. जुना रस्ता न खरवडता त्यावर वर्षानुवर्षे थरावर थर टाकले गेले होते. त्यामुळे रस्ता उंच झाला, घरांची जोती त्याच्या खाली गेली आणि मोरीचे तोंड निम्मे बुजले. पाण्याने आपली वाट बदलली होती. नकाशातल्या पातळ्या खऱ्याच होत्या, पण दोन मोजणी-बिंदूंच्या मध्ये काय घडते हे त्यांत उमटले नव्हते. आराखडा बदलावा लागला. त्या बाई हरकत घ्यायला आल्याच नव्हत्या, त्यांना गटार हवेच होते.

गणक

चर्चा रस्त्याची असली तरी अंदाजपत्रकापासून सुरुवात करावी असे सुचवतो, कारण आराखडा हाती येतो तोपर्यंत खरा निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो. या वर्षी पैसा रस्त्यावर घालायचा की पाण्यावर, हा तो निर्णय.

या बाबतीत ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे या शहराचे उदाहरण सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त अभ्यासलेले आहे. १९८९ पासून तेथे भांडवली खर्चाचा प्राधान्यक्रम लोकांच्या सभांतून ठरवण्याची पद्धत सुरू झाली. शहराचे १६ विभाग केले होते. प्रत्येक विभागात सभा होत, त्यांतून प्रतिनिधी निवडले जात आणि ते वर्षभर प्रशासनाबरोबर बसून यादी तयार करत. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सभा वाटत नाही, वाटपाचे सूत्र वाटते. विभागाची लोकसंख्या किती, तेथे त्या सुविधेची उणीव किती आणि त्या विभागाने स्वतः कशाला अग्रक्रम दिला, अशा निकषांना आधीच ठरवलेले गुण होते. त्यामुळे ज्या विभागातून जास्त माणसे ओरडली त्याला जास्त पैसा, असे सरळ गणित होत नसे. जिथे उणीव जास्त तिथे पैसा अधिक जाई. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी असलेल्या घरांचे प्रमाण १९८८ मध्ये ७५ टक्के होते, ते १९९७ मध्ये ९८ टक्क्यांवर गेले.

मात्र या उदाहरणाचा उत्तरार्धही सांगायला हवा, जो सहसा गाळला जातो. ज्या पक्षाने ही पद्धत आणली तो २००४ च्या निवडणुकीत शहरातील सत्ता गमावून बसला, पुढच्या काळात पद्धतीतला जीव ओसरत गेला आणि २०१७ मध्ये ती स्थगितच करण्यात आली. लोकांनी ठरवलेली कामे वेळेवर झाली नाहीत की पुढच्या वर्षी सभेला कोण येणार? मागच्या वर्षी ठरलेल्या कामांपैकी किती झाली, हे सभेच्या सुरुवातीला वाचून दाखवण्याची पद्धत मोडली, तर बाकीची पद्धतही फार काळ टिकत नाही, असे माझे मत आहे.

आणखी एक मर्यादा आहे. पॅरिसने २०१४ मध्ये आपल्या गुंतवणूक खर्चाचा सुमारे ५ टक्के भाग लोकांच्या मतदानासाठी राखून ठेवला. रक्कम मोठी होती आणि कामेही चांगली झाली, परंतु उरलेले ९५ टक्के जुन्याच मार्गाने खर्च होत होते. बागेतली बाके लोकांनी निवडायची आणि उड्डाणपूल इतरांनी ठरवायचा, अशी वाटणी होऊ नये याकडे आपल्या गटाने लक्ष द्यावे.

उलटतपासणी

सगळे जण “लोक” हा शब्द ज्या सहजतेने वापरत आहेत, त्याविषयी मला थोडी शंका आहे. सभेला येतात ते लोक कोण असतात?

बॉस्टन विद्यापीठातील अभ्यासकांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पूर्व भागातील ९७ शहरे आणि गावे यांच्या नियोजनविषयक सभांची इतिवृत्ते तपासली आणि बोलणाऱ्यांची मतदारयादीशी व मालमत्तेच्या नोंदींशी जुळणी केली. बोलणाऱ्यांत वयस्कर, पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक यांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त निघाले, आणि त्यांतील बहुसंख्य नव्या घरबांधणीच्या विरोधात बोलले होते. जी कुटुंबे त्या नव्या घरांत राहायला येणार होती, त्यांची बाजू मांडायला सभेत कोणीच नव्हते. असणार तरी कसे, ती कुटुंबे अजून तिथे राहतच नव्हती!

रस्त्याच्या बाबतीतही वेगळे काही होणार नाही. दुकानदार येतील, कारण त्यांच्या पायऱ्या जाणार आहेत. ज्यांची भिंत आत सरकणार आहे ते येतील, आणि यायलाच हवेत. पण त्याच रस्त्याने पहाटे चालत कामाला जाणारी बाई येणार नाही, भाडेकरू येणार नाही, कारण तो तेथे किती दिवस राहील हे त्यालाच माहीत नसते, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला तर कोणी विचारणारही नाही. दुपारी तीन वाजता कार्यालयात सुनावणी ठेवली की निम्मी निवड आपोआप होऊन जाते. तेव्हा पायवाट, “केव्हा विचारावे” याइतकेच “कोणाला विचारावे” हेही आपल्या गटापुढे हवे. माझ्यासारखा शंकेखोर माणूस तर म्हणेल की चुकीच्या लोकांना लवकर विचारण्यापेक्षा योग्य लोकांना थोडे उशिरा विचारलेले परवडते.

पायवाट

उलटतपासणी, आपली शंका मान्य आहे, शेवटचे वाक्य मात्र मान्य नाही. योग्य लोकांना उशिरा विचारले तर ते फक्त “होय” किंवा “नाही” एवढेच म्हणू शकतात. जुन्या अभियंत्यांनी सांगितलेल्या त्या बाई निविदेनंतर भेटल्या असत्या तर काय झाले असते? भिंतीवरच्या रेघा त्यांनी तेव्हाही दाखवल्या असत्या, आणि अभियंत्यांनी हळहळून कंत्राटाची प्रत दाखवली असती.

निवडीसाठी चिठ्ठ्या टाकण्याचा मार्ग आहेच. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात २०१६ च्या जुलैत अतिवृष्टीने पूर आला, त्यानंतर त्याच वर्षी सोडतीने निवडलेल्या रहिवाशांची सभा बोलावून पावसाच्या पाण्याचे काय करायचे हा विषय तिच्याकडे सोपवण्यात आला. सोडत काढताना वय, शिक्षण, लिंग आणि राहण्याचा भाग यांचे प्रमाण शहराच्या लोकसंख्येशी जुळेल असे पाहिले होते. तज्ज्ञांची मांडणी ऐकून आणि आपापसांत बोलून त्यांनी शिफारशी केल्या, आणि पुरेशा मोठ्या बहुमताने केलेल्या शिफारशी पाळण्याचे नगराध्यक्षांनी आधीच कबूल केले होते. एका रस्त्यासाठी एवढा पसारा झेपणार नाही हे मला कळते. पण जे आपणहून येतील ते आणि ज्यांना सोडतीने बोलावले ते, असे दोन्ही प्रकारचे लोक एका खोलीत बसवणे तर शक्य आहे.

मधले पान

एक लहानशी गोष्ट, ध्वनिक्षेपकाची.

१९६८ च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या खालच्या भागातून जाणाऱ्या नियोजित द्रुतगती मार्गाबद्दल जाहीर सुनावणी होती. नगररचनेच्या अभ्यासक जेन जेकब्स तेथे बोलायला उठल्या, तेव्हा त्यांनी प्रथम ध्वनिक्षेपकाकडे लक्ष वेधले. त्याचे तोंड अशा रीतीने ठेवले होते की बोलणाऱ्याची पाठ अधिकाऱ्यांकडे आणि तोंड श्रोत्यांकडे व्हावे. सुनावणी अधिकाऱ्यांनी ऐकायची असते, आणि येथे नागरिक एकमेकांनाच ऐकवत होते. पुढे जेकब्स लोकांना घेऊन मंचावर गेल्या, लघुलेखनाच्या यंत्रातली कागदाची पट्टी अस्ताव्यस्त झाली, त्यांना अटक झाली. नोंदच उरली नाही, म्हणजे सुनावणी झालीच नाही, असा त्यांचा दावा होता. तो मार्ग १९६९ मध्ये रद्द झाला. अर्थात तो केवळ त्या रात्रीमुळे रद्द झाला नाही, अनेक वर्षांचा विरोध त्यामागे होता.

सुनावणीच्या खोलीत खुर्च्या कशा मांडल्या आहेत, नोंद कोण घेत आहे आणि घेतलेली नोंद बोलणाऱ्याला वाचून दाखवली जाते का, एवढे पाहिले तरी पद्धतीबद्दल पुष्कळ काही कळते.

उंबरठा

उशिराच्या सहभागाचे याहून ठळक उदाहरण म्हणजे जर्मनीतील श्टुटगार्टच्या रेल्वेस्थानकाचा प्रकल्प. जुने स्थानक काढून जमिनीखाली नवे बांधण्याची ही योजना १९९४ साली जाहीर झाली. मधल्या काळात नियमाप्रमाणे सूचना निघाल्या, हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, न्यायालयात खटलेही झाले. कागदोपत्री कसलीही कसूर नव्हती. तरीही २०१० मध्ये पाडकाम आणि झाडतोड सुरू झाली तेव्हा हजारो माणसे रस्त्यावर उतरली, आणि ३० सप्टेंबर २०१० रोजी पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले त्यात शंभराहून अधिक जण जखमी झाले. त्यानंतर हाइनर गाइसलर या ज्येष्ठ नेत्याच्या मध्यस्थीने दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसले आणि ती चर्चा दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली गेली. आरंभी जी चर्चा व्हायला हवी होती, ती सोळा वर्षांनी झाली. पुढे २७ नोव्हेंबर २०११ रोजी राज्यात सार्वमत झाले, आणि राज्याने प्रकल्पातून अंग काढून घेण्याच्या विरोधात जवळजवळ ५९ टक्के मते पडली. म्हणजे लोकांनी प्रकल्प चालू ठेवायला सांगितले.

हा निकाल पाहून कोणी म्हणेल की मग आधी विचारण्याची गरजच नव्हती. मला उलटे वाटते. तोवर काम सुरू झाले होते, करार झाले होते, आणि माघार घेण्याचा खर्च प्रचाराचा मुख्य मुद्दा बनला होता. स्थानक कसे हवे हा प्रश्न त्या मतपत्रिकेवर नव्हताच, होऊही शकत नव्हता.

गणक

उंबरठा यांच्या प्रतिसादाला जोडून जपानमधल्या कोबे शहराचा दाखला देतो, कारण जुन्या अभियंत्यांच्या “तीन रेषा” या अडचणीवर त्यात थोडाफार तोडगा आहे. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १७ मार्चला, प्रशासनाने पुनर्बांधणीचे आराखडे ठरवून टाकले. अनेक रहिवासी तेव्हा निवाऱ्याच्या छावण्यांत होते. साहजिकच संताप उसळला. परंतु त्या निर्णयात एक दुसरा टप्पा राखून ठेवला होता: मुख्य रस्ते आणि मोठी उद्याने पहिल्या टप्प्यात निश्चित, आणि आतले रस्ते, छोटी मैदाने वगैरे तपशील स्थानिक रहिवाशांच्या समित्यांनी सुचवल्यावर दुसऱ्या टप्प्यात ठरवायचे. अशा समित्यांना मान्यता देणारा शहराचा नियम १९८१ पासूनच होता, म्हणून त्या उभ्या राहू शकल्या.

काय ठरले आहे आणि काय ठरायचे आहे, हे प्रशासनाने स्पष्ट शब्दांत वेगळे करून सांगणे हा त्यातला घेण्यासारखा भाग आहे. पहिल्या टप्प्यातली घाई मात्र मुळीच घेऊ नये.

ओसरी

आपल्याकडचीही दोन उदाहरणे येथे हवीत. केरळात १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजनाखर्चापैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात आली. पैसा आधी ठरला, मग ग्रामसभा भरल्या. त्यामुळे तेथे काय बोलावे हे लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. ग्रामसभेत एकाच मोठ्या घोळक्यात भाषणे होऊ देण्याऐवजी विषयवार छोटे गट पाडत आणि प्रत्येक गटात प्रशिक्षण घेतलेला एक कार्यकर्ता बसे. आराखडे तपासण्यासाठी निवृत्त अभियंते आणि तज्ज्ञ यांची स्वयंसेवी फळी उभी केली होती. (जुने अभियंता, हे खास आपल्यासाठी लिहिले आहे.)

दुसरे नियमगिरी डोंगराचे. तो खाणीचा प्रश्न होता, सार्वजनिक कामाचा नव्हता, परंतु १८ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ओडिशातील १२ ग्रामसभांसमोर तो ठेवला गेला आणि बाराही सभांनी नकार दिला. तो नकार पुढे मानला गेला. “नाही” हे उत्तर स्वीकारण्याची तयारी असेल तरच विचारण्यात अर्थ आहे, एवढ्यासाठी ते येथे नोंदवतो.

जुना अभियंता

ओसरी, निरोप पोहोचला.

पायवाट, गणक यांनी सांगितलेली विभागणी मला व्यवहार्य वाटते. रस्त्याच्या कामात ती अशी करता येईल. रस्ता कोणत्या दोन ठिकाणांना जोडणार आणि त्यावरून किती वाहतूक जाणार हे बहुधा वरच्या आराखड्यात ठरलेले असते, ते तसे सांगून टाकावे आणि त्यावर चर्चेचा देखावा करू नये. मात्र उपलब्ध रुंदीतून पदपथाला किती आणि गाड्यांना किती, गटार कोणत्या बाजूने, मोऱ्या कोठे, झाडे कोणती राखायची, रस्त्याची अंतिम पातळी घरांच्या जोत्यापेक्षा किती खाली ठेवायची आणि काम कोणत्या क्रमाने करायचे म्हणजे दुकाने एकदम बंद पडणार नाहीत, हे सगळे प्राथमिक आराखड्याच्या वेळी खरोखर खुले असते. सविस्तर अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी मिळाली की ते मिटते. आपण विचारलेली “नेमकी वेळ” हीच, प्राथमिक आराखडा झाल्यानंतरची आणि तांत्रिक मंजुरीच्या आधीची. त्या वेळी बदल म्हणजे पेन्सिलीची रेघ खोडणे. नंतर तोच बदल वाढीव खर्चाचा प्रस्ताव होतो, आणि त्यावर सही करायला कोणी धजत नाही.

उशीर होतो ही तक्रार मी आयुष्यभर केली आहे. पण माझ्या अनुभवात कामे लोकांना विचारल्याने जितकी रखडली, त्याहून जास्त ती न विचारता घेतलेल्या जागेच्या वादांत आणि चुकीच्या जागी खणलेले पुन्हा बुजवण्यात रखडली.

उलटतपासणी

आणखी एक मुद्दा राहतो. हरकत दिल्यावर तिचे पुढे काय होते? एका कामाच्या वेळी मी दोन पानांचे सविस्तर निवेदन दिले होते, आकृतीसह. मिळालेले उत्तर एका ओळीचे होते: “आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे.” ती ओळ मी जपून ठेवली आहे. शेजारच्यालाही तीच ओळ आली होती, आणि त्याने तर कामाचे कौतुक केले होते.

सूचना फेटाळली याचे मला तितकेसे दुःख नाही. का फेटाळली हे कळले असते तर पुढच्या वेळी मी तरी अधिक शहाणपणाने लिहिले असते.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. येथे आलेले बहुतेक मुद्दे मी कालच्या बैठकीत मांडले. चिठ्ठ्या टाकून रहिवासी निवडण्याची कल्पना सध्या मान्य झाली नाही. त्याऐवजी भाडेकरू, फेरीवाले आणि पायी जाणारे यांच्याशी रस्त्यावरच, सकाळी आणि संध्याकाळी, बोलायचे ठरले आहे. ते पुरेसे आहे असे मला वाटत नाही, पण दुपारी तीनच्या सुनावणीपेक्षा बरे आहे. उत्तरांच्या तक्त्यावर मात्र बराच वेळ वाद झाला. प्रत्येक सूचना, तिच्यावरचा निर्णय आणि त्याचे कारण अशा तीन रकान्यांचा तक्ता प्रसिद्ध करावा असे आम्ही सुचवले, तेव्हा “कारण लिहिले की त्या कारणावर पुन्हा हरकत येते” असा आक्षेप आला. आक्षेप खराच आहे. पण ती हरकत तरी नेमक्या मुद्द्यावरची असेल, असे आम्ही म्हणालो, आणि शेवटी तक्ता मान्य झाला.

सूचनेचा नवा मसुदा असा केला आहे. कायद्याने लागणारे मुदतीचे वाक्य स्वतंत्र परिच्छेदात तसेच ठेवले आहे, त्याच्या वर हे येईल:

“या रस्त्याचे रुंदीकरण करायचे ठरले आहे. रस्ता कोठून कोठे जाणार हे ठरलेले आहे. पदपथाची रुंदी, गटाराची बाजू, मोऱ्यांच्या जागा, राखायची झाडे, रस्त्याची पातळी आणि कामाचा क्रम हे अजून ठरलेले नाही. याबाबत आपल्याला जे माहीत आहे ते आम्हाला हवे आहे. पाणी कोठे आणि किती उंचीपर्यंत साचते, हे विशेषतः सांगावे. लिहून द्यावे, किंवा येऊन सांगितल्यास आम्ही लिहून घेऊ आणि लिहिलेले आपल्याला वाचून दाखवू. रविवारी सकाळी आठ वाजता अभियंत्यांसह रस्त्यावरून पायी फेरी काढण्यात येईल. आलेल्या प्रत्येक सूचनेवरचा निर्णय आणि त्याचे कारण प्रसिद्ध केले जाईल. त्यानंतरच आराखडा मंजुरीला पाठवला जाईल.”

काही सुधारणा असल्यास आज रात्रीपर्यंत सांगाव्यात, उद्या हा मसुदा द्यायचा आहे.

जुना अभियंता

मसुदा चांगला उतरला आहे. एकच बदल करा. रविवार कोणता हे लिहू नका. “पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रविवारी” असे लिहा, आणि आमच्या माणसांना मोजपट्टी घेऊन यायला सांगा.

पायवाट

बदल केला. मोजपट्टी मी नेईन.